हैदराबादची भूल

आमच्या पेशाला मराठीने एक विलक्षण शब्द दिला आहे. भूल. शस्त्रक्रियेआधी आम्ही देतो ती भूल, आणि हिशेबात, बोलण्यात, वागण्यात माणसाच्या हातून होते तीही भूलच. जालन्यात आणि आसपासच्या तालुक्यांत मी एकतीस वर्षे भूल दिली. भोकरदन, परतूर, अंबडकडच्या बायाबापड्या मला भुलीच्या बाई म्हणत. डॉक्टर म्हणजे जो कापतो तो, आणि या बाई नुसत्या झोपवतात, असा त्यांचा समज. तो खोडून काढण्याच्या भानगडीत मी कधी पडले नाही. झोपवणे सोपे असते, उठवायचे असते म्हणून आमची गरज, एवढे मात्र नव्या सिस्टरला पहिल्या दिवशी सांगत असे.

हे सगळे आठवायला कारण झाले आमच्या जालन्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे. २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यात महाराष्ट्रात दहा नवी सरकारी वैद्यकीय महाविद्यालये एकदम सुरू झाली, त्यात जालना होते. शंभर जागा. बदनापूरजवळ वरुडीला खासगी महाविद्यालय आधीपासून आहे, पण सरकारी म्हटले की गरिबाच्या पोराला दार उघडल्यासारखे वाटते. पेढे वाटताना आमच्या शेजारचे एक काका म्हणाले, की जालन्याला आता पहिल्यांदा डॉक्टरीची शाळा मिळाली. मी मान हलवली, पण घरी आल्यावर मनात आले, की जालन्याला डॉक्टरीची शाळा होतीच, आणि तीही पावणेदोनशे वर्षांपूर्वीपासून. फक्त ती हैदराबादला होती.

हे आजच्या मुलांना सांगावे लागते. १९४८ पर्यंत जालना निजामाच्या मुलखात होते, औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. त्यामुळे कोर्टकचेरी असो, मोठी नोकरी असो वा मोठे दुखणे, आमची वाट हैदराबादकडे जाई. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी छोटी लाइन १९०० च्या सुमारास झाली. त्याआधी बैलगाडी, छकडा, नाहीतर पाय. जालन्यात मात्र इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची निजामाची पलटण होती, हैदराबाद कंटिंजंट. १८२७ साली वसलेली ती छावणी १९०३ पर्यंत टिकली. पलटणीबरोबर तिचे डॉक्टर असत, आणि गावातल्या लोकांना विलायती औषधाची पहिली ओळख झाली ती तिथेच.

हैदराबादची वैद्यकीय शाळा १८४६ साली निघाली. तिच्या जन्माची कथा मोठी गोड आहे. चौथे निजाम नासिरुद्दौला आजारी पडले. हकिमांचे उपाय थकले, तेव्हा रेसिडेन्सीच्या डॉक्टरांना, मॅक्लीनसाहेबांना बोलावले. निजामांनी अट घातली, की विलायती औषध पोटात घेणार नाही. मॅक्लीन यांनी मग नुसत्या पथ्यपाण्यावर त्यांना बरे केले, असे सांगतात. खूश झालेल्या दरबाराने त्यांच्याच हाताखाली शाळा काढली. शिकवणे उर्दूतून. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले ते १८४५ साली, म्हणजे आमची शाळा त्याच्या पाठीला पाठ लावून आलेली. मुंबईच्या त्या कॉलेजाचे, भाऊ दाजींचे कौतुक आपण शाळेपासून ऐकतो. हैदराबादच्या शाळेचे नाव मराठवाड्यातसुद्धा कुणी काढत नाही.

पण या शाळेचे नाव एकदा साऱ्या जगाच्या डॉक्टरांच्या तोंडी होते, आणि ते ज्यांच्यामुळे झाले ते डॉ. एडवर्ड लॉरी. आमच्या एम.डी.च्या पुस्तकात त्यांच्या वाट्याला दीड ओळ होती. हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन, १८८८ आणि १८८९, निष्कर्ष चुकीचे. परीक्षेत दोन गुणांचा प्रश्न. मी तेवढेच पाठ केले होते. पुढे अशी एक गोष्ट घडली, की या माणसाचा पिच्छा मला सोडवेना. ती ओघात सांगेन.

लॉरी शिकले एडिंबरोला. हे गाव त्यांच्या आयुष्यात शेवटपर्यंत राहिले. एडिंबरोतच ४ नोव्हेंबर १८४७ च्या रात्री डॉ. जेम्स यंग सिम्प्सन यांनी जेवणानंतर दोघा मित्रांसह पेल्यात ओतलेला क्लोरोफॉर्म हुंगून पाहिला. हसले, बडबडले, आणि तिघेही टेबलाखाली आडवे. शुद्धीवर आल्यावर सिम्प्सन यांना कळून चुकले, की बाळंतिणीच्या वेणांवर औषध सापडले. त्याआधी वर्षभर ईथर वापरात होते, पण क्लोरोफॉर्म गोडसर वासाचा, लवकर गुंगवणारा आणि न पेटणारा. आपल्याकडे तर त्याचे राज्य होणारच होते. ईथर पस्तीस अंशांच्या आसपास उकळते. जालन्याच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तिथे ईथरची बाटली उघडली की औषध रोग्याच्या नाकात कमी आणि छताला जास्त. शिवाय कंदिलाच्या उजेडात काम, म्हणजे भडका ठरलेला. क्लोरोफॉर्म एकसष्ट अंशांना उकळतो.

आता त्याची दुसरी बाजू. सिम्प्सन यांच्या त्या रात्रीला तीन महिने होण्याआधीच, २८ जानेवारी १८४८ रोजी, इंग्लंडात न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाचे नख काढण्यासाठी खुर्चीत बसली, क्लोरोफॉर्म हुंगला आणि दोनतीन मिनिटांत गेली. नख काढण्यासाठी! त्यानंतर असे मृत्यू अधूनमधून होत राहिले. धडधाकट माणूस, किरकोळ शस्त्रक्रिया, आणि भूल चढता चढता खेळ खलास. मग डॉक्टरांत दोन तट पडले. लंडनकडच्यांचे म्हणणे, की क्लोरोफॉर्म काही वेळा थेट हृदयावर घाला घालतो, म्हणून नाडी सोडू नका. कॉलऱ्याचा पाण्याशी संबंध शोधणारे आणि राणी व्हिक्टोरियाला बाळंतपणात क्लोरोफॉर्म देणारे जॉन स्नो याच मताचे. एडिंबरोवाले म्हणत, की आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. श्वासाकडे डोळ्यांत तेल घालून पाहा, नाडी बघत बसाल तर श्वासावरचे लक्ष उडेल. या दुसऱ्या तटाचे म्होरके होते जेम्स साइम, त्या काळचे नाणावलेले सर्जन. आणि लॉरी हे साइम यांचे शिष्य.

शिष्य म्हणजे कसे, तर गुरूचे वाक्य ते ब्रह्मवाक्य मानणारे. आपल्याकडच्या गवयांच्या घराण्यात असते तसे. साइम १८७० साली वारले, पण लॉरी त्यांचा नेम घेऊन इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये शिरले आणि हिंदुस्थानात आले. लाहोरच्या मेडिकल स्कूलमध्ये त्यांनी शस्त्रक्रिया शिकवली. १८८५ साली ते हैदराबादला रेसिडेन्सी सर्जन म्हणून आले आणि त्यांच्याकडे वैद्यकीय शाळेचे प्राचार्यपद आणि मुसी नदीकाठचे अफजलगंज रुग्णालयही आले. पुढची सोळा वर्षे, १९०१ पर्यंत, ही शाळा म्हणजे लॉरी आणि लॉरी म्हणजे ही शाळा.

आल्या आल्या त्यांनी दोन गोष्टी केल्या. उर्दूत चालणारी शाळा इंग्रजीकडे वळवली. त्यांचे कारण असे, की युरोपात रोज नवे निघते, ते भाषांतर होऊन येईपर्यंत जुने होते. यात तथ्य होते आणि तोटाही होता. उर्दूवर पोसलेल्या हुशार मुलांना एकाएकी परक्या भाषेच्या उंबऱ्यावर थांबावे लागले. दुसरी गोष्ट मला अधिक मोठी वाटते. त्यांच्या शाळेत १८८५ साली पाच मुलींनी नाव घातले. १८८५ म्हणजे आनंदीबाई जोशी अजून अमेरिकेत शिकत होत्या तो काळ. मुंबई-पुण्यात बायकांनी डॉक्टर व्हावे की नाही यावर सभा भरत होत्या, आणि निजामाच्या पडदानशीन शहरात पाच जणी शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभ्या होत्या. त्यांतली एक पारशी मुलगी होती, रूपाबाई फर्दुनजी. तिच्याकडे आपण परत येऊ.

लॉरींच्या रुग्णालयात क्लोरोफॉर्म देण्याची एक ठरलेली तऱ्हा होती. कापडाची शंकूसारखी टोपी, तिच्यावर थेंब, टोपी नाकापासून अंमळ दूर, म्हणजे हवा खेळती राहील. देणाऱ्याने फक्त श्वास पाहायचा. नाडीला हात लावायचा नाही. यातला शेवटचा नियम लॉरी इतक्या कडकपणे पाळायला लावीत, की विद्यार्थ्याचे बोट मनगटाकडे गेले तर ती शिस्तभंगाची गोष्ट होई. आणि मजा अशी, की त्यांच्याकडे मृत्यू होत नव्हते! वर्षामागून वर्षे, हजारो रोगी. इंग्लंडातल्या रुग्णालयांत मात्र क्लोरोफॉर्मने माणसे दगावत होती. लॉरींनी सरळ निष्कर्ष काढला, की आमची पद्धत बरोबर, तुमची चूक.

हे जगाला पटवायचे तर पुरावा हवा. सहावे निजाम महबूब अली खान तेव्हा अवघे बावीस वर्षांचे होते. त्यांच्या दरबाराने पैसा दिला आणि १८८८ साली पहिले क्लोरोफॉर्म कमिशन बसले. कमिशनमध्ये पॅट्रिक हेहिर नावाचे डॉक्टर होते. पुढे पहिल्या महायुद्धात कुटच्या वेढ्यात आपल्या मराठा पलटणी अडकल्या, तेव्हा तिथल्या उपाशी छावणीतल्या वैद्यकीय व्यवस्थेचे प्रमुख हेच. माणसे कुठून कुठे जातात पाहा. असो. कमिशनने शहरातली सव्वाशेच्या वर बेवारशी कुत्री पकडून आणली आणि निरनिराळ्या प्रकारे क्लोरोफॉर्म देऊन मारली. प्रत्येक वेळी श्वास आधी थांबला, हृदय मागाहून. १८८९ च्या सुरुवातीला शाळेच्या बक्षीस समारंभाला राणी व्हिक्टोरियाचे चिरंजीव ड्यूक ऑफ कॅनॉट आले होते. ती संधी साधून लॉरींनी भर सभेत जाहीर केले, की प्रश्न सुटला.

बातमी लंडनला पोचली. द लॅन्सेट हे वैद्यकाचे तेव्हाचे आणि आजचेही बडे साप्ताहिक. त्याने नाक मुरडले. कुठले हैदराबाद, कुठले कमिशन! युरोपातल्या नामांकित संशोधकांनी हृदयाबद्दल जे सांगितले ते या देशी संस्थानातल्या शाळेने खोडायचे? या टीकेतला तोरा मला आजही बोचतो, जरी लॅन्सेटची शंका शेवटी खरी ठरली तरी. निजामाने यावर जे केले त्याला तोड नाही. एक हजार पौंड देऊ केले. तुमचा माणूस पाठवा, येण्याजाण्याचा खर्च आमचा, त्याने स्वतःच्या हाताने प्रयोग करून पाहावेत.

लॅन्सेटने पाठवलेला माणूस ऐरागैरा नव्हता. डॉ. थॉमस लॉडर ब्रंटन, लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातले, औषधशास्त्रातले मोठे नाव. छातीत कळ येणाऱ्या रोग्याला अमिल नायट्राइट हुंगवून आराम पडतो हे १८६७ साली त्यांनीच दाखवले होते. क्लोरोफॉर्म हृदयाला मारतो असेच त्यांचेही मत होते. १८८९ च्या पावसाळ्यानंतर ते हैदराबादला आले. लॉरी, ब्रंटन, बॉमफर्ड आणि हैदराबादचे डॉ. रुस्तमजी, असे दुसरे कमिशन बसले. रक्ताचा दाब मोजणारी यंत्रे आली. धुराने काळा केलेला कागद नळकांड्यावर फिरतोय, त्याच्यावर सुई प्राण्याच्या हृदयाची आणि श्वासाची रेघ ओढतेय, आणि ती रेघ हळूहळू सपाट होतेय. कुत्री, माकडे, शेळ्या, मांजरे, ससे, घोडेसुद्धा. पाचशेच्या आसपास जीव. प्रत्येक नोंदीचे छायाचित्र.

हे वाचताना मला थांबावे लागते. इंग्लंडात १८७६ पासून जिवंत प्राण्यांवरच्या प्रयोगांना कायद्याची वेसण होती. इथे नव्हती. अफजलगंजच्या गल्ल्यांतली ती कुत्री, ज्यांना सकाळी कुणी शिळी भाकरी टाकत असेल, त्यांची कुठे नावे नाहीत. आम्ही भूल देणारे लोक त्यांचे देणेकरी आहोत की नाही, याचे उत्तर मला आलेले नाही. कारण ज्यासाठी ती मारली गेली तो निष्कर्षच अपुरा निघाला.

काही आठवड्यांतच ब्रंटन यांची तार लंडनला गेली. त्यांचे मत साफ पालटले होते. धोका श्वास कोंडण्याचा आणि जास्त मात्रेचा, हृदयाला थेट धोका अजिबात नाही. लॅन्सेटने १८९० साली अहवाल छापला. हैदराबादच्या शाळेचे नाव युरोप-अमेरिकेतल्या प्रत्येक शस्त्रक्रियागृहात घेतले जाऊ लागले. लॉरींच्या आयुष्यातला तो कळस. लंडनहून परीक्षक आला आणि शिष्य होऊन गेला, याहून मोठे यश शिक्षकाला कोणते?

आता मघा राहिलेली माझी गोष्ट. १९८६ साल असेल. एका छोट्या गावच्या रुग्णालयात कानाच्या शस्त्रक्रियेसाठी बावीस वर्षांचा एक शेतकऱ्याचा मुलगा टेबलावर होता. मॉनिटर नावाची चीज आमच्याकडे तेव्हा नव्हती. हॅलोथेन हे औषध देत होते, क्लोरोफॉर्मचेच दूरचे भावंड म्हणा. श्वास छान चालला होता. पिशवी फुगत होती, मिटत होती. ओठ गुलाबी. भूल अजून हलकी होती, तेवढ्यात सर्जनने रक्त कमी यावे म्हणून कानामागे अॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन टोचले. माझे डावे बोट सवयीने त्याच्या नाडीवर होते. एक ठोका चुकला. मग दोन लागोपाठ आले, मग मोठी फट, मग नुसती थरथर. श्वास तसाच, शांत. श्वासाकडे पाहणाऱ्याला काहीच कळले नसते. मी ओरडले, सर्जनचा हात थांबला, हॅलोथेन बंद केला, प्राणवायू पूर्ण सोडून पिशवी हाताने दाबत राहिले, शिरेतून लिग्नोकेन दिले. दोनतीन मिनिटे गेली असतील. बोटाखाली नाडी पुन्हा ओळीत आली. त्याची आई बाहेर व्हरांड्यात डब्यातली भाकरी सोडून बसली होती. तिला काही सांगितले नाही.

त्या रात्री मी एम.डी.चे जुने पुस्तक काढून ती दीड ओळ पुन्हा वाचली. मी लॉरींच्या वर्गात असते तर माझे बोट नाडीवर नसते.

लॉरी कुठे चुकले हे कळायला बावीस वर्षे लागली. १८९३ साली केंब्रिजच्या गॅस्केल आणि शोअर यांनी अशी युक्ती केली, की क्लोरोफॉर्म एका वेळी फक्त मेंदूकडे जावा नाहीतर फक्त हृदयाकडे. हृदयाकडे गेला तेव्हा रक्तदाब घसरला. म्हणजे हृदयावर थेट परिणाम होतोच. लॉरी मानले नाहीत. ते लेखामागून लेख लिहीत राहिले. मग १९११ साली लंडनच्या गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवले, की हलक्या भुलीत शरीरात अॅड्रेनॅलिन उसळले तर हृदयाचा खालचा कप्पा आकुंचन पावायचा विसरून नुसता थरथरतो आणि क्षणात मृत्यू येतो. हॅना ग्रीनरचे बहुधा हेच झाले असावे. भेदरलेली मुलगी, भीतीने अॅड्रेनॅलिन चढलेले, आणि अर्धवट भूल. हैदराबादच्या प्रयोगांत प्राण्याला मरेपर्यंत क्लोरोफॉर्म दिला जाई. भरपूर दिला तर श्वास आधी थांबणारच. घातकी क्षण त्याच्या किती तरी आधी, भूल चढताना यायचा असतो. पाचशे जीव घेऊनही नेमका तो क्षण कुणी शोधला नव्हता.

मग लॉरींच्या हातून माणसे का मेली नाहीत? यात खरी गंमत आहे. त्यांची शिस्त अशी, की न थांबता, न बिचकता, हवा खेळती ठेवून भूल पूर्ण चढू द्यायची, आणि ती चढल्याशिवाय सर्जनने सुरीला हात लावायचा नाही. म्हणजे नकळत ते हलक्या भुलीचा धोकाच टाळत होते. नाडीकडे पाहून घाबरणारा लंडनचा डॉक्टर टोपी काढी, पुन्हा ठेवी, पुन्हा काढी, आणि त्या खालीवर करण्यात रोगी जाई. हात बरोबर होता, कारण चुकीचे होते. आमच्या पेशात असे हात पुष्कळ पाहिले. पण चुकीचे कारण पुस्तकात छापले गेले, की ते ज्याच्याकडे तो हात नाही त्याच्यापर्यंत पोचते. त्या अहवालावर विसंबून नाडी सोडणाऱ्या किती जणांचे रोगी दगावले, याची मोजदाद कुणी केलेली नाही.

याच हट्टापायी त्यांनी आणखी एक मोठी गोष्ट घालवली. फ्रेंच डॉक्टर लाव्हरां यांनी हिवतापाच्या रोग्याच्या रक्तात जंतू पाहिल्याला तेव्हा बरीच वर्षे झाली होती. लॉरी म्हणत, हे जंतू नव्हेतच, रक्तपेशींचेच बिघडलेले रूप आहे. आणि हे ते म्हणत असताना त्यांच्या दारापासून काही मैलांवर, सिकंदराबादेत, रोनाल्ड रॉस नावाचा लष्करी डॉक्टर डास चिरत बसला होता. २० ऑगस्ट १८९७ रोजी त्याला डासाच्या पोटात तो जंतू सापडला. रॉस यांना १९०२ साली नोबेल मिळाले. एकाच शहरात, एकाच दशकात. जुने गुरू मानणारा आणि दुर्बिणीतून स्वतः पाहणारा, असे दोन माणसांचे चित्र उभे करण्याचा मोह होतो, पण तो खोटा ठरेल. लॉरींनीही स्वतः पाहिले होते, मोजले होते, लंडनच्या परीक्षकाला बोलावून दाखवले होते. त्यांनी प्रश्न तेवढा आपल्या सोयीचा विचारला.

रूपाबाईंकडे यायचे राहिले. १८८९ साली, दुसरे कमिशन बसले त्याच वर्षी, त्या हकीम ही पदवी घेऊन बाहेर पडल्या आणि क्लोरोफॉर्म देण्याचेच काम त्यांनी पत्करले. भूल देणारी पहिली बाई म्हणून त्यांचे नाव आता जगभर घेतात. रेसिडेन्सीचे रुग्णालय, अफजलगंज, व्हिक्टोरिया जनाना हॉस्पिटल, असे १९१७ पर्यंत त्यांचे काम चालले. मध्ये १९०९ साली नोकरीत असतानाच त्या एडिंबरोला गेल्या, पदार्थविज्ञान आणि रसायन शिकायला. वायू कसे वागतात हे मुळापासून समजून घेतल्याशिवाय भूल समजत नाही, असे त्यांना वाटले असावे. गुरूच्या गावी जाऊन तिने गुरूच्या पुढचे शिकायला घेतले, याचे मला फार अप्रूप आहे.

लॉरी १९०१ साली निवृत्त होऊन मायदेशी गेले. त्यांची शाळा पुढे उस्मानिया विद्यापीठाखाली आली आणि लॉरींनी इंग्रजीकडे वळवलेली शिकवणी पुन्हा उर्दूत गेली, ती पोलीस कारवाईपर्यंत. जालन्या-परभणीकडच्या मराठी मुलांनी त्या काळात शरीरशास्त्र उर्दूतून पाठ केले. घरी मराठी, शाळेत उर्दू, औषधाच्या बाटलीवर इंग्रजी. त्या पिढीतल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांना मी लहानपणी पाहिले आहे. ते प्रिस्क्रिप्शन इंग्रजीत लिहीत आणि पथ्य उर्दूत सांगत. बाया बिचाऱ्या परहेज म्हणजे काय ते कंपाउंडरला विचारत. १९५६ साली औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले तेव्हा मराठवाड्याच्या मुलांची ही हैदराबादची वाट संपली. मी तिथेच शिकले. १९७४ साली अंबाजोगाईला निघाले. आणि पन्नास वर्षांनी जालन्याला.

मागे हैदराबादला गेले होते, तेव्हा अफजलगंजचे ते रुग्णालय शोधायला निघाले. ते नाही. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला आणि लॉरींचे रुग्णालय त्यात वाहून गेले. त्याच परिसरात पुढे उस्मानिया हॉस्पिटलची घुमटवाली इमारत उभी राहिली. आवारात एक जुने चिंचेचे झाड आहे. पुराच्या दिवशी दीडशेच्या आसपास माणसे त्याच्या फांद्यांवर चढून वाचली. झाडाशी पाटी आहे, दर सप्टेंबरात लोक येऊन हार घालतात. तिथल्या रखवालदाराला मी डॉ. लॉरींबद्दल विचारले. त्याने विचार करून मला बाह्यरुग्ण विभागाकडे बोट दाखवले, आणि हे नवे डॉक्टर किती वाजता बसतात ते तिथे विचारा म्हणून सांगितले.